सव्वीस दिवसांचं बाळ, डावीकडे काळा एक्सरे आणि न टाकलेली नळी

आधीच सांगतो, ही एका बाळाची केस नाहीये. गेल्या काही वर्षांत बघितलेल्या दोन-तीन बाळांची मिळून एक केलीये, गाव-तारखा मुद्दाम काढून टाकल्यात, त्यामुळे ओळखायचा प्रयत्न कोणी करू नये. आजाराचं नाव लगेच सांगत नाही, कारण आम्हालाही ते लगेच कळलं नव्हतं.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कॅज्युल्टीतून फोन आला. ड्युटीवरचा पोरगा म्हणाला, "सर, सव्वीस दिवसांचं बाळ आहे, डाव्या बाजूला टेन्शन न्युमोथोरॅक्स वाटतोय, आयसीडीची तयारी केलीये, टाकू का?" टेन्शन न्युमोथोरॅक्स म्हणजे फुफ्फुसाच्या बाहेर, छातीत दाबाने साठत गेलेली हवा, आणि आयसीडी म्हणजे ती काढायला छातीत टाकायची नळी. मी म्हणलं येतोय, दहा मिनिटं थांब, बाळ टिकून असेल तर छातीला हात लावू नको. हे मी काही फार शहाणपणाने म्हणलं असं नाही, त्या पोराने एवढ्या लहान बाळाला आधी कधी नळी टाकलेली नव्हती आणि मला त्याची भीती वाटली, इतकंच. पुढे जे झालं त्यात या भीतीचा वाटा माझ्या ज्ञानापेक्षा जास्त आहे.

बाळ मुलगा. दिवस पूर्ण भरून नॉर्मल डिलिव्हरी, जन्मतः वजन २.९ किलो, लगेच रडलं. पहिल्या दिवशी श्वास जरा जोरात होता, मिनिटाला ६४ वगैरे, तेव्हा छातीतलं पाणी सुकायला वेळ लागतोय, होईल कमी, असं सांगितलं गेलं, आणि झालंही थोडं कमी. तिसऱ्या दिवशी घरी. त्यानंतर आईच्या म्हणण्याप्रमाणे बाळ "दूध ओढताना दमतं". म्हणजे चार घोट घेतं, सोडतं, कपाळाला घाम येतो, परत घेतं, परत सोडतं, आणि मग दमून तसंच झोपून जातं. आजी म्हणाल्या पोट उडतंय, डबा झालाय. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं, निमोनिया म्हणून अँटिबायोटिकचं औषध दिलं, मशीनची वाफ दिली, चार दिवस जरा बरं वाटलं आणि परत तेच. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाहीये, त्यांच्या जागी मी असतो तर मीही पहिल्यांदा हेच केलं असतं, दुसऱ्यांदा मात्र एक्सरे काढायला पाहिजे होता.

एक गोष्ट आईने सांगितली ती मी तेव्हा नीट ऐकली नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, याची डावी बाजू अंघोळ घालताना वर आल्यासारखी लागते." छाती चोळताना तिच्या हाताला ते आठ दिवसांपासून कळत होतं! आम्हाला कळायला एक्सरे लागला.

आम्ही बघितलं तेव्हा वजन ३ किलो. म्हणजे सव्वीस दिवसांत जेमतेम शंभर ग्रॅम. श्वास मिनिटाला ७८, बरगड्यांच्या खाली आत ओढत होतं, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ८८, नाडी १७०. ताप नाही. डावी छाती फुगलेली, तिकडे हवा कमी जातेय, बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज, आणि हृदयाचे ठोके उजवीकडे ऐकू येतायत. आता हे सगळं पुस्तकात वाचलं तर कोणीही न्युमोथोरॅक्स म्हणेल, त्यात त्या पोराचं काही चुकलं नाही.

मी पोचायच्या आधी एक प्रकार झाला होता. ब्लड काढताना बाळ जोरात रडलं, निळं पडलं, सॅच्युरेशन ७० च्या घरात गेलं, म्हणून सिस्टरनी अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास दिले, अगदी बरोबर पद्धतीने, जसं शिकवतात तसंच. आणि बाळ सुधरायच्या ऐवजी अजून बिघडलं. छाती अजून फुगली. बॅग काढून नुसता ऑक्सिजन लावला, शांत केलं, तेव्हा हळूहळू ९२ पर्यंत आलं. सिस्टर मला दोनदा म्हणाल्या, "सर, बॅगने वाईट होतंय, असं कधी बघितलं नाही." हे वाक्य लक्षात ठेवा.

मग एक्सरे लाइटवर लावला. डावीकडे काळंकुट्ट, हृदय आणि श्वासनलिका उजवीकडे ढकललेली, बरगड्यांमधल्या जागा रुंद झालेल्या, छाती आणि पोटामधला डावा पडदा खाली चपटा. पहिल्या नजरेत न्युमोथोरॅक्सच. पण न्युमोथोरॅक्समध्ये हवा फुफ्फुसाच्या बाहेर असते, त्यामुळे फुफ्फुस आकसून मधे मुळाशी गोळा होतं, त्याची कड पांढऱ्या रेघेसारखी दिसते आणि त्या रेघेच्या बाहेर नुसता काळोख, एकही रक्तवाहिनी नाही. इथे मी कड शोधत होतो, ती सापडेना. फिल्म उजेडाजवळ नेऊन डोळे बारीक करून बघितलं तर त्या काळ्यात केसासारख्या बारीक रेघा होत्या, विरळ, ताणलेल्या, पण होत्या. म्हणजे ती हवा फुफ्फुसाच्या आतच होती. आणि खाली, हृदयाच्या बाजूला एक छोटा पांढरा त्रिकोण, दाबून चेपलेला डावा खालचा लोब, म्हणजे फुफ्फुसाचा खण. न्युमो असता तर तो असा खाली कोपऱ्यात चेपून बसला नसता. शिवाय काळा भाग मधली रेघ ओलांडून उजवीकडे घुसलेला. म्हणजे फुगलेला वरचा लोब होता तो, आख्खी डावी बाजू व्यापून शेजारच्या घरात शिरलेला.

नाव, कंजेनिटल लोबर एम्फिसीमा. हल्ली कंजेनिटल लोबर ओव्हरइन्फ्लेशन म्हणतात आणि ते जास्त बरोबर आहे, कारण विडीवाल्या म्हाताऱ्यांच्या एम्फिसीमात फुफ्फुसाच्या भिंती नष्ट होतात, इथे भिंती शाबूत असतात, नुसत्या प्रमाणाबाहेर ताणलेल्या. साधारण २० ते ३० हजार जन्मांत एक बाळ. मुलांमध्ये मुलींच्या तिप्पट. सगळ्यात जास्त वेळा डावा वरचा लोब, त्याखालोखाल उजवा मधला, मग उजवा वरचा, खालचे लोब क्वचितच. निम्म्याच्या आसपास बाळांमध्ये पहिल्या महिन्यातच त्रास सुरू होतो आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये सहा महिन्यांच्या आत.

होतं काय, ते पपईच्या देठाने सांगतो. लहानपणी पपईच्या पानाचा देठ तोडून त्यातून फुंकायचो ना, ताजा असेल तर नळी ताठ राहते, दोन दिवसांनी लिबलिबीत झाली की दाब पडताच चपटी होते. त्या लोबला हवा नेणाऱ्या नळीत जी कूर्चा, म्हणजे कानात असतं तसं लवचिक हाड, असते ती काही बाळांत अर्धवट किंवा नसतेच. श्वास घेताना छाती ताणली जाते तेव्हा नळी उघडते, हवा आत जाते, सोडताना नळी चपटी होते आणि हवा अडकते. सायकलच्या व्हॉल्वसारखं, आत जायला वाट, बाहेर यायला नाही. दर श्वासाला थोडी थोडी साठत जाते. रडलं की जास्त, आणि बॅगने दाबून दिली की त्याहून जास्त. सिस्टरना दिसलं ते हेच. कूर्चा नसणं हे एक कारण, कधी बाहेरून एखादी मोठी रक्तवाहिनी नळीला दाबते, कधी आतून घट्ट शेंबूड अडकतो, काहींमध्ये त्या लोबमध्ये हवेच्या पिशव्यांची संख्याच अनेक पटीने जास्त असते, आणि निम्म्या केसेसमध्ये कारण सापडतच नाही.

नळी टाकली असती तर काय झालं असतं? ती थेट त्या फुगलेल्या लोबमध्ये घुसली असती. बाहेर हवा नाहीच, त्यामुळे सुटका काही नाही, उलट लोबला भोक पडून हवा बाहेर गळायला लागली असती आणि मग खराच न्युमो झाला असता, तोही आमच्या हाताने केलेला. अशा बाळांना आधी नळी पडून मग खरं निदान होतं हे घडत आलंय, त्यात नवीन काही नाही.

हे वाचून कोणी असा अर्थ काढू नका की टेन्शन न्युमो वाटला तरी बसून एक्सरे चघळत राहायचं. बाळ मरायला टेकलं असेल, नाडी पडत असेल, तर खऱ्या न्युमोत सुई आधी आणि फिल्म नंतर. पण आमचं बाळ त्या अवस्थेत नव्हतं, आणि कहाणीही न्युमोची नव्हती. नवजात बाळाचा न्युमो बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत, जन्मताना श्वास द्यावा लागलेल्या, शी गिळलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या बाळात, आणि अचानक होतो. इथे तीन आठवडे हळूहळू वाढत आलेला दम होता. निमोनियाही बसत नव्हता, ताप नाही, पांढऱ्या पेशी ठीक, संसर्ग दाखवणारी सीआरपी निगेटिव्ह. शंका राहू नये म्हणून बाळाला डाव्या कुशीवर झोपवून एक फिल्म काढली. मोकळी हवा असती तर ती वरच्या बाजूला सरकली असती आणि खालची बाजू दबली असती, इथे खालची बाजूही तशीच फुगलेली राहिली. सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवून बघितलं, फुफ्फुसाचं आवरण श्वासाबरोबर सरकताना दिसत होतं, हळू पण सरकत होतं. न्युमोत ते दिसत नाही.

त्यानंतरचे दोन तास फार कंटाळवाणे गेले आणि तेच बरोबर होतं. काहीच मोठं केलं नाही. नाकाने ऑक्सिजन, दूध बंद, सलाइन, पोटातली हवा काढायला नाकातून बारीक नळी, डोक्याकडची बाजू उंच, डाव्या कुशीवर. आईला जवळ बसवलं, कारण न रडणं हेच औषध होतं. ब्लड गॅसमध्ये पीएच ७.२८ आणि कार्बन डायऑक्साइड ६२, म्हणजे हवा साठतेय, दमायला लागलंय. ज्युनियरने विचारलं सर, सीपॅप लावू? एरवी दमलेल्या बाळाला पहिलं तेच लावतो, पण ते मशीन नाकातून सतत दाबाने हवा देतं, आणि इथे सततचा दाब म्हणजे त्याच लोबमध्ये अजून हवा. नाही लावला. अँटिबायोटिक चालू ठेवलं, त्याबद्दल माझं मन खात होतं पण रात्रीच्या प्रवासात ते बंद करायची हिंमत झाली नाही.

मोठ्या शहरातल्या बालशल्यचिकित्सकांना फोन केला, एक्सरे व्हॉट्सॲपवर पाठवला, ते म्हणाले पाठवा, रात्रीच पाठवा. १०८ ची गाडी आली. सोबत मी स्वतः गेलो, कारण वाटेत कोणी घाबरून बॅग मारली असती तर सगळं मुसळ केरात. गाडीतल्या डॉक्टरांशी आधी ठरवून घेतलं की अगदी श्वास थांबल्याशिवाय बॅग नाही, द्यावीच लागली तर हळू, कमी दाबाने, आणि हवा बाहेर यायला वेळ सोडून. फारच वाईट झालं तर तोंडातून घातलेली नळी नेहमीपेक्षा खोल, उजव्या फुफ्फुसाकडे सरकवायची, म्हणजे डावीकडे हवा जाणारच नाही, आजार डावीकडे होता म्हणून ही एक सोय होती. गरज पडली नाही. साडेतीन तास बाळ झोपून होतं आणि मी मॉनिटर बघत बसलो होतो.

वाटेत बाळाचे वडील पुढे बसलेले, मधेच वळून म्हणाले, "साहेब, हिने ग्रहणात भाजी चिरली होती, आई म्हणते त्याने झालं." मागे ती बाई खाली मान घालून. म्हणलं दादा, त्या नळीतली कूर्चा गर्भात फार आधी घडायला लागते, तेव्हा कुठलं ग्रहण अन् कुठली विळी, आणि यात ताईंनी केलेल्या न केलेल्या कशाचाही संबंध नाही, घराण्यातही सहसा नसतं. ते काही बोलले नाहीत. सोनोग्राफीत का नाही दिसलं हाही प्रश्न आला, रास्त होता. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत फुफ्फुसातल्या गाठी बऱ्याचदा दिसतात, पण हा आजार सहज निसटतो, कारण अडकायला हवा लागते आणि पोटात बाळ हवा घेतच नाही. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतही तो लोब गर्भातल्या पाण्याने भरलेला असेल तर एक्सरेत काळ्याऐवजी पांढरा दिसतो आणि सगळे निमोनिया म्हणतात. आमच्या बाळाचा पहिल्या दिवशीचा जोरात श्वास त्यातलाच असणार, पण तेव्हाची फिल्म नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येत नाही.

तिथे पोचल्यावर आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. या बाळांत हृदयाचा जन्मजात दोषही असू शकतो, सहा-सात जणांत एकाला वगैरे, आणि एखादी चुकीच्या वाटेने गेलेली रक्तवाहिनी नळीला दाबत असेल तर ऑपरेशनच वेगळं होतं. इको ठीक. मग सीटी, कमी रेडिएशनचा, रक्तवाहिन्यांसाठी कॉन्ट्रास्ट देऊन. भूल न देता, जरासं दूध पाजून, घट्ट गुंडाळून झोपेतच काढला. डावा वरचा लोब प्रचंड, त्यातल्या रक्तवाहिन्या ताणून बारीक झालेल्या, खालचा लोब चेपलेला, बाहेरून दाबणारं काही नाही. निदान पक्कं.

ऑपरेशन लागेलच का हा प्रश्न खरा आहे. ज्यांना त्रास नाही किंवा थोडासाच आहे अशा बाळांना नुसतं लक्ष ठेवून सांभाळता येतं, काहींमध्ये तो लोब कालांतराने बसतोही, आणि मला वाटतं पूर्वी जरा जास्तच लोब काढले गेले. पण या बाळाचं वजन वाढत नव्हतं, कार्बन डायऑक्साइड साठत होता, हृदय सरकलं होतं. इथे थांबण्यात काही अर्थ नव्हता. छाती उघडून असा लोब काढायचं काम १९४० च्या दशकात बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी केलं, तेच ग्रॉस ज्यांनी १९३८ मध्ये हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायच्या ऐवजी उघडी राहिलेली गर्भातली रक्तवाहिनी पहिल्यांदा यशस्वीपणे बांधली. तेव्हापासून उपाय तोच आहे, सुधारलंय ते भूल देणं.

आणि या आजारात सगळ्यात नाजूक वेळ भूल देण्याचीच असते, सर्जन काय कापतोय ते त्यानंतर. एरवी बाळाला स्नायू ढिले करायचं औषध देऊन मशीनने श्वास देतात, इथे तसं केलं तर छाती उघडायच्या आधीच लोब फुगून हृदय दाबू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञ मॅडमनी सेव्होफ्लुरेनच्या वासाने झोपवलं, बाळाचा श्वास बाळालाच घेऊ दिला, लागलाच तर अगदी हलका हात. नायट्रस ऑक्साइड अजिबात नाही, कारण तो रक्तात नायट्रोजनपेक्षा तीसेक पट जास्त विरघळतो आणि बंद पोकळीत भराभरा शिरून ती फुगवतो. सर्जन आधीच हात धुऊन गाऊन-ग्लोव्हज घालून उभे, म्हणजे काही बिनसलं तर एका मिनिटात छाती उघडता येईल. मी कोपऱ्यात उभा. बरगड्यांमधून वाट केली आणि लोब आपोआप बाहेर आला, पातेल्यावर फुगून आलेल्या इडलीच्या पिठासारखा, गुलाबी-पांढरट, बोटाने दाबला तरी बसेना. आणि तो बाहेर आल्याआल्या सॅच्युरेशन ९९! तेव्हा कुठे स्नायूंचं औषध दिलं. पुढचं काम सर्जनचं होतं, डाव्या वरच्या लोबला रक्तवाहिन्यांच्या फांद्या बऱ्याच आणि प्रत्येकात वेगळ्या, त्या एकेक बांधायला वेळ लागला. खालचा लोब हळूच फुगवून बघितला, इतके दिवस चेपलेला असूनही तो उलगडला.

शेवटी छातीत नळी टाकलीच, पण लोब काढल्यावर, जिथे ती पाहिजे तिथे. तिसऱ्या दिवशी ती निघाली, दूध दुसऱ्या दिवशी सुरू केलं होतं, नवव्या दिवशी घरी. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसवलं, त्यात एक दिवस रेशनकार्ड घरी राहिलंय म्हणून वडिलांची गावाला फेरी झाली. लोब तपासणीला पाठवला होता, रिपोर्टमध्ये ताणलेल्या हवेच्या पिशव्या आणि नळीत कूर्चा कमी.

डिस्चार्जच्या वेळी आजींनी विचारलं, एक फुफ्फुस काढलं म्हणजे पोरगं शेतात काम करेल का? त्यांना सांगितलं, आजी, आख्खं फुफ्फुस नाही काढलं, उजवीकडे तीन खण असतात आणि डावीकडे दोन, त्या पाचातला एक खराब होता तो काढला, आणि या वयात हवेच्या पिशव्या अजून नव्याने तयार होत असतात, उरलेलं फुफ्फुस वाढून जागा भरतं. पोरगं पळेल. फक्त चुलीच्या धुरात घेऊन बसायचं नाही, घरात कोणी विडी ओढायची नाही, लसी चुकवायच्या नाहीत, आणि सर्दीत दम लागला तर वाट न बघता यायचं.

पहिल्या वर्षात एकदा सर्दीत घरघर झाली, दोन दिवस ठेवून घेतलं, बरं झालं. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या इंजेक्शनला आलं तेव्हा वजन साडेआठ किलो, एक्सरेत हृदय जागेवर आणि डावी बाजू भरलेली, व्रण काखेखाली बारीक रेघेसारखा. सिस्टरनी इंजेक्शन दिलं तसं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं, लालबुंद झालं, पण निळं नाही. पुढची तपासणी दीड वर्षाच्या डोसला.